टोपी उडवण्याचे शास्त्र

मराठीने टोपीला जितके छळले आहे, तितके दुसऱ्या कुठल्याही कपड्याला छळलेले नाही. फसवले की टोपी घातली, पक्ष बदलला की टोपी फिरवली, थट्टा केली की टोपी उडवली. उर्दूने निदान पगडीवर राग काढला. तिथे कुणाची अब्रू घ्यायची असेल तर त्याची पगडी उछाळतात. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे आमच्या डोक्याला दोन्हीकडून धोका आहे. तरी इतकी वर्षे हे सगळे वाक्प्रचारापुरतेच होते. यंदा ईदच्या बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या आल्या आणि टोपी खरोखर, शब्दशः उडू शकते का, हा प्रश्न आमच्या दस्तरखानावर येऊन बसला.

प्रश्न आमच्या चिरंजीवांचा. वय वर्षे दहा, वजन तीस किलो, आणि शेवयांच्या खिरीनंतर त्याहून थोडे अधिक. त्यांनी ईदीच्या पैशातून एक रंगीबेरंगी टोपी आणली. तिच्या शेंड्यावर प्लास्टिकचा छोटा पंखा. वारा लागला की गरगर फिरतो. संध्याकाळपर्यंत त्यांचा सवाल तयार होता, “अब्बा, पंखा मोठा केला तर मी उडेन का?”

अशा वेळी “गप बस, जेव” म्हणणे सोपे असते. पण आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी होतो, आणि त्या शिक्षणाचा उपयोग करण्याची संधी आमच्या नोकरीने आम्हाला कधी दिलेली नाही. तेव्हा आम्ही वही मागवली.

आधी थोडा इतिहास. ही पंख्याची टोपी अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या कॅडिलॅक गावी १९४७ मध्ये रे नेल्सन या शाळकरी मुलाने विज्ञानकथांच्या शौकीन मित्रांसोबत गंमत म्हणून ती पहिल्यांदा बनवली. पुढे टीव्हीवरच्या मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातून ती घरोघरी पोहोचली. या नेल्सनसाहेबांचे मधले नाव फॅरडे. विजेचे मोठे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचे नाव ज्याला मिळाले, त्याने टोपीला पंखा लावावा, यात आम्हाला काहीच नवल वाटत नाही.

आता हिशेब. हवेत उभे राहायचे तर हवा खाली ढकलावी लागते. जितकी हवा खाली जाईल आणि जितक्या जोरात जाईल, तितका आधार वर मिळेल. टोपीवर तीस सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढा पंखा बसवला असे धरू. तीस किलोचे चिरंजीव अधांतरी धरायचे, तर त्या पंख्यातून हवा ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने खाली गेली पाहिजे, आणि पंख्याखाली जरा पुढे गेल्यावर तिचा वेग दुप्पट होतो. पंख्याखाली काय आहे? चिरंजीवांचे नाक, कान आणि मोठ्या हौसेने लावलेला सुरमा. ताशी ३०० किलोमीटर हा वेग भल्याभल्या चक्रीवादळांना साधत नाही.

यासाठी लागणारी शक्ती, पंखा अगदी आदर्श मानला तरी, १२ किलोवॅट. छताचा साधा पंखा ७५ वॅट घेतो. म्हणजे दीडशेहून अधिक पंख्यांची वीज एका टोपीला. बेगमनी विजेच्या बिलाचा विषय इथेच काढला. आम्ही पेट्रोलचा पर्याय दिला, तर त्याला साध्या १०० सीसी मोटारसायकलची दोन इंजिने लागतील. ती इंजिनेही डोक्यावरच ठेवावी लागतील, मग त्यांचे वजन उचलायला आणखी इंजिने, आणि असे करत करत मोहल्ल्यातले सगळे गॅरेज चिरंजीवांच्या माथ्यावर.

“आणि तरीही उडालास,” आम्ही म्हणालो, “तर दुसरी भानगड आहे.” इंजिन पंख्याला एका बाजूला फिरवते, तेव्हा पंखा इंजिनाला उलट्या बाजूला फिरवतो. न्यूटनचा तिसरा नियम कुणाचा लाड करत नाही. हेलिकॉप्टरच्या शेपटीला उभा छोटा पंखा असतो तो याचसाठी. तो नसेल तर हेलिकॉप्टर स्वतःच भोवऱ्यासारखे फिरेल. म्हणजे चिरंजीवांना पायजम्याच्या नाड्याला मागे दुसरा पंखा बांधावा लागेल. शिवाय सगळे वजन टोपीच्या हनुवटीखालच्या पट्ट्यावर. हे दृश्य उडण्याचे कमी आणि लटकण्याचे जास्त दिसेल. अम्मींनी ऐकले आणि “तौबा” म्हणून टोपी कपाटात ठेवून दिली.

मात्र माणूस स्वतःच्या ताकदीवर सरळ वर उठूच शकत नाही, असे नाही. अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर संस्थेने १९८० मध्ये सिकोर्स्की यांच्या नावाने बक्षीस लावले होते. यंत्र फक्त माणसाच्या जोरावर चालले पाहिजे, एक मिनिट हवेत राहिले पाहिजे आणि निदान एकदा तीन मीटर उंची गाठली पाहिजे. ते बक्षीस तेहतीस वर्षे कुणाला मिळाले नाही. जून २०१३ मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या तरुणांनी ‘अॅटलस’ नावाचे यंत्र ६४ सेकंद हवेत ठेवले, ३.३ मीटर उंच नेले आणि अडीच लाख डॉलर घेतले. चालवणारा सायकलसारखे पेडल मारत होता. पण त्या यंत्राला चार पंखे होते आणि एकेका पंख्याचा व्यास २० मीटर. युक्ती हीच: थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवा हळूच ढकलली तर शक्ती कितीतरी कमी लागते. आम्ही चिरंजीवांना सांगितले, की टोपी वीस मीटरची कर, मग बघू. ते गच्ची मोजायला गेले.

दुसरी टोपी आमच्या मेहुण्यांची. छत्री-टोपी. डोक्याला पट्टा आणि वर सव्वा हात व्यासाची छत्री, दोन्ही हात मोकळे. कल्पना उत्तम, पण निसर्गाला ती मान्य नाही. ताशी ३६ किलोमीटर वारा म्हणजे पावसाळ्यात काही विशेष नाही. त्या वाऱ्यात साठ सेंटीमीटरची छत्री उलटून समोर आली, तर तिच्यावर सुमारे दोन किलोचा जोर बसतो. दोन किलो बटाटे कुणी तुमच्या कपाळाला बांधून मागे ओढावेत, तसे. मेहुणे एस. टी. स्टँडवरून घरी आले ते आकाशाकडे बघतच.

आणि आपल्या कोकणात हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पाहा. भातलावणीला बाई कमरेत वाकते तेव्हा तिचे डोके पुढे जाते आणि भिजते ती पाठ. छत्री-टोपी डोक्याबरोबर पुढे झुकते आणि पाठ उघडी टाकते. इरले डोक्यावरून थेट पाठीवर उतरते, पाणी मागच्या बाजूने ओघळते आणि दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहतात. ज्यांनी ते शोधले त्यांना कुणी डॉलर दिले नाहीत.

तिसरी टोपी सौर पंख्याची. समोर छज्जा, छज्ज्यावर काळी सौरपट्टी, तिच्यावर चालणारा बोटभर पंखा. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते. दहा सेंटीमीटर लांब-रुंद पट्टीवर त्यातले १० वॅट येते आणि विजेत बदलते जेमतेम दीड-दोन वॅट. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण इथे गंमत आहे. पंखा हवा थंड करतच नाही. थंड करतो घाम. एक ग्रॅम घाम वाळला की तो अंगातून सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. मिनिटाला एक ग्रॅम घाम वाळला, तर ४० वॅटची थंडाई होते. पंखा फक्त वाफ बाजूला सारतो, खरे काम अल्लाहने आपल्या कातडीत बसवलेली यंत्रणा करते. ती यंत्रणा वैशाखात सोलापूरला उत्तम चालते आणि रत्नागिरीला रुसते, कारण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो.

याच कारणाने आमच्या दादीजान दोऱ्याने विणत असत, त्या जाळीच्या पांढऱ्या टोपीला आम्ही अव्वल नंबर देतो. पांढरा रंग ऊन परतवतो, जाळीतून वाफ बाहेर जाते, वजन जेमतेम तीस ग्रॅम, बॅटरी नाही, गॅरंटी कार्ड नाही. काळ्या रंगालाही मात्र नावे ठेवायला नकोत. वाळवंटातले बद्दू काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो हे खरे, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते. काळा घाला की पांढरा, अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. हे ऐकल्यावर घरातल्या बायकांनी आमच्याकडे “आम्ही कधीपासून सांगतोय” अशा नजरेने पाहिले.

चौथी टोपी बाजारातली नाही, स्वयंपाकघरातली. आमचे एक दूरचे मामू मोबाइल टॉवरला फार भितात. लहरी मेंदूत शिरतात, असा मजकूर त्यांना रोज फोनवर येतो. तो फोन टॉवरवरच चालतो, हा भाग वेगळा. त्यावर उपाय म्हणून त्यांनी कबाब गुंडाळायच्या चंदेरी कागदाची टोपी केली. ही कल्पना नवी नाही. ज्युलियन हक्सले यांच्या १९२६ सालच्या एका कथेतही दुसऱ्याच्या विचारांपासून बचाव करायला धातूच्या टोप्या येतात.

शास्त्र काय म्हणते? वर ज्यांचे नाव आले, त्या फॅरडेसाहेबांनी १८३६ मध्ये दाखवले, की धातूने चहूबाजूंनी वेढलेल्या जागेत बाहेरची वीज पोहोचत नाही. पण चहूबाजूंनी. फोन चंदेरी कागदात नीट, फट न ठेवता गुंडाळा, सहसा रिंग जाणार नाही. टोपी मात्र खालून उघडी असते, आणि ती बंद करायची तर मामूंना तोंडावर आणि मानेवरही कागद गुंडाळावा लागेल. मग जेवणार कसे? २००५ मध्ये अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेतल्या काही विद्यार्थ्यांनी थोड्या गमतीने, पण खऱ्या यंत्रांनी अशा टोप्या तपासल्या. बहुतेक लहरी टोपीने थोड्याफार अडवल्या, पण काही ठरावीक लहरी आत कमी होण्याऐवजी वाढल्या. हे मामूंना सांगितल्यावर ते म्हणाले, “बघा, म्हणजे टोपीवाल्यांशीही सरकारचे संधान आहे.” त्यांच्यापुढे शास्त्र हात टेकते.

पाचवी टोपी आमच्या दिवाणखान्यात, फोटोत आहे. आमचे पणजोबा रूमी टोपी घालून बसलेले, लाल टोपी, काळा गोंडा. फोटो कृष्णधवल आहे, पण लाल रंग घरात सगळ्यांना दिसतो. ही टोपी आमच्या मुलांनी प्रथम इंटरनेटवर पाहिली ती टॉमी कूपर या ब्रिटिश विनोदी जादूगाराच्या डोक्यावर. म्हणून त्यांना पणजोबा विनोदी वाटले. एखाद्याच्या डोक्यावरची गंमत दुसऱ्याच्या डोक्यावरची इज्जत असते, हे समजवायला त्यांना थोडा इतिहास सांगावा लागला. तुर्कस्तानच्या सुलतान महमूद दुसरे यांनी १८२९ मध्ये अधिकाऱ्यांना पगडी सोडून हीच टोपी घालायला लावली. तेव्हा ती नवी, आधुनिक होती. शंभर वर्षेही झाली नाहीत तोच, नोव्हेंबर १९२५ मध्ये, त्याच देशात ती जुनाट ठरली आणि कायद्याने बंद झाली. मधल्या काळात सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढ कॉलेजमुळे ती हिंदुस्थानातल्या शिकलेल्या मुसलमानाची खूण झाली. टोपी तीच, हसणारे आणि मान देणारे तेवढे बदलत गेले.

तिचे पदार्थविज्ञानही खानदानी आहे. काठ नसल्याने सजद्यात कपाळ अडत नाही. आणि गोंडा हा सरळसरळ लंबक आहे. लंबकाचा झोका त्याच्या लांबीवर ठरतो. पाव मीटरचा लंबक एका सेकंदात एक हेलकावा पुरा करतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणजे अंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकते. हेही एका सेकंदात. दोन्ही ताल जुळले, की पाळण्याला वेळेवर धक्का द्यावा तसा गोंडा प्रत्येक पावलाला अधिकाधिक झुलू लागतो. पाव मीटर गोंडा लावून पणजोबा बाजारातून निघाले, तर गोंडा कानावर टपल्या मारील. तो पंधरा सेंटीमीटरचा केला, की झोका पाऊण सेकंदाचा होतो, ताल तुटतो आणि रुबाब टिकतो. घरी दोऱ्याला बटण बांधून मुलांकडून हे करून घ्या, घड्याळाचा सेकंदकाटा पुरेसा आहे.

आता शेवटची टोपी. हिच्यात पंखा नाही, छत्री नाही, गोंडा नाही. ही आपली रोजची नमाजाची टोपी, आणि सगळ्यांत जास्त उडते तीच. डोक्यावरून वारा जाताना माथ्याच्या गोलाईवर वेग घेतो, तिथला दाब कमी होतो आणि टोपी वर उचलली जाते. सायकलच्या वेगाला, ताशी २० किलोमीटरला, हा जोर फार तर पन्नास-साठ ग्रॅम वजनाएवढा असतो. टोपी कशीबशी तग धरते. पण वेग तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. ताशी ६० ला तो अर्ध्या किलोवर जाऊ शकतो, आणि तीस ग्रॅमची टोपी त्याला काय पुरणार? म्हणून जुम्याच्या दुपारी आपल्या रस्त्यांवर एक दृश्य दिसते. एका मोटारसायकलवर तिघे, खुतबा चुकू नये म्हणून जोरात, आणि चालवणाऱ्याचा एक हात हँडलवर, दुसरा टोपीवर.

इथे आमचे हसणे संपते. आमच्या मोहल्ल्यातल्या अशाच एका पोराचा, जुम्याला जाताना वळणावर घसरून, गेल्या पावसाळ्यात इंतकाल झाला. वेग फार नव्हता, असे सगळे सांगत होते. वेगाची गरजही नसते. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटणे पुरेसे आहे. याचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. हेल्मेटच्या आतला थर्मोकोल चेपत चेपत अडीच सेंटीमीटर जागा देतो. दीड मीटर भागिले अडीच सेंटीमीटर, म्हणजे साठ. डोक्याला त्याच्या वजनाच्या साठपट जोर सोसावा लागतो. त्रास होईल, पण माणूस सहसा वाचतो. हेल्मेट नसेल तर ते अंतर जेमतेम तीन मिलिमीटर असेल. भागाकार पाचशे. दादीजाननी कितीही मायेने टोपी विणलेली असो, त्या भागाकारात तिने काही फरक पडत नाही.

कुणी म्हणते, टोपी घातलेल्याला पोलीस अडवत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ आम्ही वाचले आहे. त्यात सवलत पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना आहे, आपल्या टोपीला नाही. आणि पोलिसाने सोडले म्हणून रस्ता सोडत नाही. जान ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण मिंबरवरून लहानपणापासून ऐकतो. अमानत सांभाळायची तर तिच्यावर कडी-कुलूप हवेच.

खरी अडचण आम्हाला पोरांनीच सांगितली. हेल्मेट नेले तर मशिदीत ठेवायचे कुठे? गाडीला अडकवले तर चोरीला जाते, आत नेले तर सफमध्ये मधे येते. अडचण खरी आहे आणि तिला पदार्थविज्ञान लागत नाही, सुतार लागतो. चपलांच्या मांडणीवर आणखी एक फळी, हेल्मेटपुरती खोल. आम्ही आमच्या मशिदीच्या ट्रस्टींना ती मागितली. त्यांनी खर्च विचारला, मोहल्ल्यातल्या एका सुताराने लाकूड आपले देऊ केले, आणि गेल्या महिन्यात फळी लागली. पहिल्या जुम्याला तिच्यावर चार हेल्मेटे होती, परवा अकरा मोजली. मऊ टोपी घडी करून खिशात मावते. दारात हेल्मेट वर ठेवायचे, टोपी काढून डोक्यावर घालायची आणि आत जायचे. तुमच्या मशिदीतही अशी फळी लागली, तर या मासिकाच्या पत्त्यावर एक ओळ जरूर कळवा.